आवाराचे वय

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शहर पेठांबाहेर पसरले, सहकारनगरसारख्या वसाहती वाढल्या आणि वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार केलेल्या अनेकांना पहिल्यांदाच घराभोवती मोकळी जमीन मिळाली. ती त्यांनी हौसेने भरून काढली. फाटकाशी गुलमोहर, मागल्या अंगाला आंबा किंवा फणस, कोपऱ्यात नारळ, कुंपणाला मेंदी, समोर संध्याकाळी बसायला हिरवळीचा तुकडा. त्या वेळची रोपे आता साठीच्या आसपास पोचली आहेत. घर कोणत्या सालचे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग कधी झाले, बाहेरून रंग कधी दिला, याची बिले फायलीत सापडतात. आवार कोणत्या सालचे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि विचारले तर घरात त्याचे उत्तर नसते.

नियमांनाही हा प्रश्न फारसा पडलेला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी आलेला अभियंता खांब, तुळया, स्लॅब, गच्ची पाहतो. कुंपणाची भिंत, तिच्यामागचा भराव, पार्किंगवर ओणवा झालेला वर्षावृक्ष, जमिनीखालून गेलेली सांडपाण्याची नळी यांच्याकडे बघायला त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. अहवालात त्यांचा उल्लेख नसतो, म्हणून सभेत विषय निघत नाही, म्हणून तरतूदही होत नाही.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आवार थकल्याची खूण डोळ्यांना दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, कारण तिथला बिघाड जमिनीखाली सुरू होतो आणि कारण व परिणाम यांच्यात पाच-दहा वर्षे जातात. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. दुर्लक्षाने आवारे बिघडतात तशी ती अर्धवट आणि घाईच्या नूतनीकरणानेही बिघडतात, आणि त्या वेळी घरमालकाला आपण आवार सुधारले असेच वाटत असते.

आवारातल्या प्रत्येक गोष्टीचे आयुर्मान निराळे. हिरवळ शेजारच्या झाडाची सावली पसरेपर्यंत टिकते. मग ती विरळ होते, आपण पुन्हा पुन्हा नवे गालिचे आणून अंथरतो आणि दोष माळ्याला देतो. मेंदीचे कुंपण वरून दाट आणि खालून नुसत्या काटक्या, असे होऊन बसते. जमिनीतले जस्ती नळ तीस-चाळीस वर्षांत गंजून चाळण होतात. सांडपाण्याच्या जुन्या चिनी मातीच्या नळ्यांचे सिमेंटचे सांधे सुटले की ओलाव्याच्या मागावर मुळे आत शिरतात. (धडधाकट नळी मुळे सहसा फोडत नाहीत; आधी गळती होते, मग मुळे येतात. झाडावर आरोप ठेवण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.) उंच जातीचा नारळ साठ-सत्तर वर्षे फळ देतो. आंबा तीन पिढ्या पाहतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, भराभर वाढणारा, ठिसूळ लाकडाचा आणि उथळ मुळांचा. शहरातल्या दाबलेल्या जमिनीत, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला जोते अशा कोंडीत त्याच्या म्हातारपणाचा भरवसा धरता येत नाही. सगळे एकाच वर्षी लावले, बांधले, पुरले. पण संपणार प्रत्येक जण वेगळ्या वर्षी. त्यामुळे आता नव्याने करायला हवे, असा एक ठळक दिवस येतच नाही. येतात ती सुटी दुखणी, आणि प्रत्येक दुखण्यावर वेगळा माणूस बोलावला जातो. प्लंबर मुळे तोडतो, गवंडी आळे बुजवतो, रंगारी भिंतीच्या भेगा लांबी भरून झाकतो. तिघांनीही आपले काम चोख केलेले असते.

या साखळीची सुरुवात पुष्कळदा आवाराबाहेर होते, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. रस्त्याचे डांबरीकरण करताना जुना थर खरवडून काढायला हवा. अनेक गल्ल्यांत तो न काढताच नवा चढवला जातो. तीस-चाळीस वर्षांत रस्ता उंच होतो आणि एके काळी दोन पायऱ्या वर असलेले फाटक रस्त्याच्या पातळीला येते, मग खाली जाते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आवारात शिरते. उपाय सोपा वाटतो: मुरूम टाकून आवार अर्धा फूट उचलायचे. दहा वर्षांनी पुन्हा अर्धा फूट. नंतर पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरते, तेव्हा त्याखालची खडी आणि कच यांचा आणखी एक थर. पाणी शिरायचे थांबते आणि घरातले सुटकेचा श्वास सोडतात. तेवढ्यात दोन घटना घडून गेलेल्या असतात, ज्यांची कोणी नोंद केलेली नसते. झाडांचे बुंधे पुरले गेलेले असतात आणि कुंपणाची भिंत मातीचा भार पेलणारी भिंत झालेली असते.

आधी भिंतीचे पाहू. कुंपणाची भिंत बांधली जाते ती चोर, गुरे आणि नजरा अडवायला. दोन्ही बाजूंना जमीन सारख्या पातळीला असेल तर तिच्यावर आडवा जोर वाऱ्याखेरीज फारसा नसतो. एका बाजूला भराव चढला की जोर सुरू होतो, आणि त्या भरावात पाणी साठले की तो एकदम वाढतो. हिशेब अवघड नाही. भिंतीमागे दोन मीटर उंचीपर्यंत पाणी साठले तर तळाशी दर चौरस मीटरवर दोन टनांचा दाब येतो. उंची दुप्पट झाली की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवरचा एकूण जोर चौपट होतो. यात ओल्या मातीचा जोर वेगळा, आणि भिंतीलगत उभ्या केलेल्या मोटारींचा आणखी वेगळा. म्हणून माती अडवणाऱ्या भिंतीचा पाया रुंद असतो, मागे खडीचा थर असतो आणि अंगात पाझरासाठी भोके ठेवलेली असतात. कुंपणाच्या भिंतीला यातले काहीच नसते. असलेच तर ती भोके मातीने, मुळांनी बुजलेली असतात किंवा आत उंदीर-घुशी येतात म्हणून कोणीतरी सिमेंटने भरलेली असतात. धो-धो पावसातही ज्या भिंतीची भोके कोरडी राहतात, तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे.

पुण्याने याची किंमत पाहिली आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका निवासी सोसायटीची भिंत शेजारच्या भूखंडावरल्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. मजूर बहुतेक बिहारमधून आलेले. भिंतीच्या वरच्या अंगाला मोटारी उभ्या होत्या, खालच्या अंगाला नव्या इमारतीचे काम चालू होते. तीन दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर पडून त्याहून जास्त माणसे मेली, आणि ती भिंत तर जुनीही नव्हती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर भागातल्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून बळी गेले. तिन्ही घटनांची कारणे एकसारखी नाहीत. पण पहिल्या दोन घटनांत ज्यांची भिंत, त्यांच्यावर ती पडली नाही. आवारातली भिंत ढासळते ती उताराच्या दिशेने, आणि उताराच्या दिशेला राहणाऱ्या माणसांना आपल्या सर्वसाधारण सभेत मत नसते. दुरुस्ती पुढे ढकलणे हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे.

भिंत बोलते, पण हळू. तिने पोट काढले आहे का, हे गवंडी ओळंबा लावून पाच मिनिटांत सांगतो. सांध्यासांध्याने पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग, फाटकाची कडी एकाएकी न बसणे, भिंतीलगतच्या फरशीत आणि भिंतीत पडलेली फट, तळाशी बारमाही ओल. ही सगळी लक्षणे उन्हाळ्यात दिसतात. पिंपळ-वडाची रोपे भिंतीच्या भेगेतून उगवतात तेव्हा ती वरून कापून टाकण्यात अर्थ नाही. मूळ आत जाडच होत राहते. जिथे पुणेरी काळी माती आहे तिथे आणखी एक गोष्ट घडते. ती पावसात फुगते, वैशाखात आकसते, आणि दर वर्षी भिंतीच्या पायाला थोडे थोडे हलवते.

आता झाडांकडे. झाड ज्यांनी अन्न-पाणी शोषते ती बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या एक-दोन फुटांत असतात आणि आडवी पसरतात, पुष्कळदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर फूटभर मुरूम दाबून बसवला की ती हवा तुटते. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांना मिळतो, तो भाग उघडा राहायला हवा. तो पुरला की साल सतत ओली राहून कुजते आणि बुरशीला वाट मिळते. शाबूत झाड ओळखायची एक सोपी रीत आहे. त्याचा बुंधा जमिनीला टेकताना पायथ्याशी रुंदावलेला दिसतो. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला, तर तो पुरलेला आहे असे धरून चालावे.

गंमत अशी की झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर ते चार-पाच पावसाळे तग धरते, पालवते, फुलतेही. मग शेंड्याच्या फांद्या वाळू लागतात. आपण त्या वाळक्या फांद्या छाटतो आणि झाड पुन्हा नीट दिसू लागते. आठव्या-दहाव्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात ते मुळासकट आडवे होते, आणि बातमी येते की वादळाने झाड पडले. भराव कधी टाकला, पेव्हर कोणी बसवले, जलवाहिनीचा चर खणताना कोणत्या बाजूची मुळे तोडली, हे तोवर कोणाला आठवत नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी आवारांतली होती. वारा जबरदस्त होता, हे खरेच. पण त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात उभी राहिलेली झाडेही होती.

झाडाच्या बाबतीत लोक ज्या गोष्टींना भितात त्या आणि खरोखर भिण्यासारख्या गोष्टी यांचा मेळ क्वचितच बसतो. जन्मभर वाकडे वाढलेले झाड बहुधा आपला तोल सांभाळून असते. गेल्या वर्षी सरळ असलेले आणि यंदा कललेले झाड धोक्याचे, त्यातही कलण्याच्या उलट बाजूची जमीन फुगली किंवा तडकली असेल तर त्या झाडाखाली मोटार तर सोडाच, खुर्चीही ठेवू नये. पोकळ खोड म्हणजे मृत्युपत्र नव्हे. भोवतालचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर पोकळ झाड अनेक वर्षे उभे राहते. उलट पावसाळ्यात बुंध्यापाशी फुटणारी कठीण, फळीसारखी भूछत्रे मुळे कुजल्याचे सांगत असतात, आणि तेव्हा वर पालवी हिरवीगार असू शकते. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील, तर मधे दबलेली साल त्यांचा सांधा कच्चा ठेवते. नीलमोहर, सोनमोहर आणि वर्षावृक्षात असे फाटे नेहमी सापडतात.

आणि मग येते दर मे महिन्यातली शेंडेतोड. पावसाळ्यापूर्वी ‘झाड हलके करून घ्या’ म्हणून माथा उडवायचा, खांबासारखे ठोकळे उभे ठेवायचे. इतक्या मोठ्या जखमा झाडाला भरून काढता येत नाहीत. तिथून कूज आत उतरते. खालून फुटणारे नवे धुमारे सालीच्या लगतच्या थरातून येतात, त्यांचा खोडाशी सांधा उथळ असतो, आणि दोन-तीन वर्षांत तेच जड होऊन लोंबू लागतात. झाड पूर्वीपेक्षा दाट आणि टवटवीत दिसते, म्हणून ठेकेदाराला पुढल्या वर्षी पुन्हा बोलावले जाते. माझ्या मते शहरातल्या आवारांतली झाडे जितकी वयाने धोकादायक झाली आहेत, त्याहून जास्त या छाटणीने झाली आहेत.

याचा अर्थ झाड कधीच काढू नये, असा नाही. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे अवकाळी पावसात जुने कडुलिंबाचे झाड मंदिराच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आसऱ्याला उभ्या असलेल्यांपैकी सात जण गेले. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर आवारातला नारळ कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची मागणी आधी झाली होती आणि मंजूर झाली नव्हती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. झाडावर प्रेम असणाऱ्यांनी अशा घटना झाकून ठेवण्यात काही साधत नाही. म्हाताऱ्या झाडाखाली माणसे किती वेळ असतात, यावर त्याचा धोका ठरतो. मागल्या कोपऱ्यात, जिथे कोणी जात नाही, तिथला वठलेला आंबा घुबडा-पोपटांसाठी खुशाल उभा ठेवावा. तोच आंबा शाळेच्या बसथांब्यावर झुकलेला असेल तर त्याला वेगळा न्याय.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण नूतनीकरणाचा मुहूर्त तिच्यावर अडतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. खासगी आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांपूर्वी आजोबांनी लावलेला गुलमोहर म्हणजे आता साठ रोपांची जबाबदारी. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण परवानगीच्या कटकटीला कंटाळून बुंध्याशी ॲसिड ओतणारे, साल सोलून झाड वाळवणारे लोक आहेत, आणि असे उभ्या उभ्या मेलेले झाड जिवंत झाडापेक्षा कितीतरी जास्त घातक असते. पाहणी, नोटीस, हरकती यांना वेळ लागणार हे धरूनच आधी अर्ज करायला हवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाबरून केलेला अर्ज त्या पावसाळ्यापुरता निरुपयोगीच म्हणायचा.

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हल्ली ‘आवार नवे केले’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो. चिखल जातो, गाडी घाण होत नाही, झाडायला सोपे पडते. हे फायदे खरे आहेत आणि वयस्कर माणसांना ते मोलाचे वाटतात. पण शंभर चौरस मीटर आवार झाकले तर पुण्याच्या साधारण सातशे मिलिमीटर पावसात वर्षाला सत्तर हजार लिटर पाणी त्याच्यावर पडते. एका जोरदार दिवशी पन्नास मिलिमीटर झाला तर पाच हजार लिटर. पूर्वी यातला मोठा भाग जिथल्या तिथे मुरत होता. आता ते उताराने जाते, आणि उतार कुठे काढला आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. रस्त्यावर सोडले तर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याच्या घरात, भिंतीकडे सोडले तर भिंतीच्या मागे. फटींतून पाणी मुरते, असे विक्रेते सांगतात. खाली खडी-कच दाबून बसवलेला असतो आणि फटी दोन पावसाळ्यांत गाळाने बुजतात, हे ते सांगत नाहीत.

झाडाभोवती तर हे ब्लॉक अगदी सालीला भिडवून लावलेले दिसतात. वर सिमेंटचा गोल कट्टा, त्यात माती भरून चार सदाफुली. दिसायला छान, झाडाच्या दृष्टीने तो पुन्हा एकदा बुंधा पुरण्याचा प्रकार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही मोठ्या झाडाच्या दृष्टीने अगदीच किमान जागा आहे, तरी तेवढीही आपल्या बहुतेक आवारांत सुटलेली नसते. ज्या आवाराला दोन-तीन मोठी झाडे टिकवायची आहेत, त्याने गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे फरशीचे करावेत आणि बाकीची जमीन पालापाचोळ्याखाली उघडी ठेवावी. चिखलाची तक्रार पहिल्या वर्षी होते, पालापाचोळ्याचा थर बसला की कमी होते.

आवाराच्या वयाबरोबर माणसांचेही वय वाढते, आणि नूतनीकरणाची वेळ कित्येकदा तिथून ठरते. ज्यांनी बाग लावली ते आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. एक मुलगा हिंजवडीच्या पलीकडे, दुसरा न्यू जर्सीत. माळी रविवारी तासभर येऊन पाणी घालून जातो. दीडशे कुंड्या, छाटणी मागणारे कुंपण, शेवाळलेली शहाबादी फरशी, कठडा नसलेल्या तीन पायऱ्या, आठवडाभर पाणी साचले की डास होतात अशा कुंड्यांखालच्या ताटल्या. हे सगळे चाळिशीतल्या माणसाने चाळिशीतल्या माणसासाठी मांडलेले होते. पावसाळ्यात फरशीवरून घसरून खुब्याचे हाड मोडल्यावर घरातले लोक बागेकडे रागाने पाहू लागतात आणि मग सरसकट सगळे उपटून फरशी घालतात. तोल जायला लागला, वाकवेनासे झाले, की त्याच वर्षी आवार आखडते घ्यावे. कुंड्या चाळीस पुरे. फाटकापासून दारापर्यंत एक खडबडीत, सपाट, उजेडातली वाट आणि हाताशी कठडा. मेंदीच्या जागी कमी छाटणीचे काही. अडचण पैशांची कमी असते आणि मनाची जास्त, कारण प्रत्येक कुंडीला इतिहास असतो. परदेशातल्या मुलांनी सुट्टीत येऊन परस्पर ठेकेदार लावण्यापेक्षा कोणती तीन झाडे आईला हवीच आहेत, हे तिला आधी विचारावे.

आता पुण्या-मुंबईतल्या सर्वांत मोठ्या बहाण्याकडे येतो. ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?’ हे वाक्य मी इतक्या सोसायट्यांत ऐकले आहे की तो एक अलिखित ठरावच वाटतो. बिल्डर ठरतो, बदलतो, एखादा सभासद सही करत नाही, प्रकरण उपनिबंधकांकडे जाते, आणि पाहता पाहता आठ-दहा वर्षे निघून जातात. या मधल्या काळात इमारतीची किमान डागडुजी होते. आवाराची एक पैचीही होत नाही. झाडे बेवारशी होतात, कारण ती तशीही तोडली जाणार आहेत. भिंत बेवारशी होते, कारण तीही पाडली जाणार आहे. तेवढ्यात शेजारच्या भूखंडावर मात्र काम सुरू झालेले असते आणि तळघरासाठी हद्दीलगत वीस-पंचवीस फूट खोल खणले जात असते. त्या खोदाईत आपल्या झाडांची एका बाजूची सगळी मुळे तुटतात आणि भिंतीच्या पायाचा आधार निघतो. आपले आवार पाहायची सर्वांत निकडीची वेळ हीच, कारण इथे वयाची पाच-दहा वर्षे एका महिन्यात वाढतात. शेजारी यंत्र उभे राहिले, की खोदाईपूर्वीच आपल्या भिंतीचे आणि झाडांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, आधाराची योजना लेखी मागावी आणि मधे अंतर राखायला लावावे. नंतरच्या भांडणात ‘भेग आधीचीच होती’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळते.

मग नूतनीकरण करायचे कधी? वर्षाचा आकडा सांगणे सोपे आहे, पण त्याला फारसा आधार नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या आवाराकडे एकदा समग्रपणे पाहावे, आणि तेही ते चांगले दिसत असताना. आंबा नव्वद टक्के निरोगी असतो तेव्हाच त्याच्या वारसाचे रोप दुसऱ्या कोपऱ्यात लावता येते. आंबा पडल्यावर लावलेले रोप सावली द्यायला पंधरा वर्षे घेते, आणि तोवर घराच्या पश्चिमेच्या भिंती तापत राहतात. सगळी झाडे एका वयाची असणे हाच खरा दोष आहे, आणि तो एकदम सगळे बदलून दुरुस्त होत नाही. मग पुढली साठ वर्षे पुन्हा सगळी एका वयाची. दर सात-आठ वर्षांनी एखादे जुने निघावे, एखादे नवे यावे.

कामाचा क्रमही बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी फुलझाडे आणि दिवे येतात, मग फरशी, आणि भिंतीचे नाव पैसे संपल्यावर निघते. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे एका पावसाळ्यात छत्री घेऊन उभे राहून पाहावे. त्याचा कागदावर नकाशा काढावा. दिवाळीनंतर जमीन वाळली की आधी गटारे, नळ्या, पाझर आणि भिंत. त्यानंतर भराव उतरवून बुंधे मोकळे करणे, तेही कुदळीने नव्हे, हाताने आणि खुरपीने, मोठ्या झाडांच्या बाबतीत दोन-तीन टप्प्यांत. झाडांसाठी वनस्पती जाणणाऱ्या माणसाचा सल्ला घ्यावा. ज्याला लाकूड विकून पैसे मिळतात त्याचा घेऊ नये. वाटा आणि फरशी त्यानंतर, आणि रोपे शेवटी, मृगाच्या पावसावर. या क्रमाने गेले तर निम्म्या घरांना फरशी बदलायची गरजच नव्हती, असे लक्षात येईल.

आणि पोट काढलेल्या भिंतीपलीकडे कोणाच्या झोपड्या असतील, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवावा. तिथे सर्वसाधारण सभेची, तीन दरपत्रकांची किंवा बिल्डरच्या पत्राची वाट पाहू नये. भिंतीलगतच्या गाड्या त्याच दिवशी हलवता येतात, पलीकडच्यांना जाऊन स्पष्ट सांगता येते, महापालिकेला लेखी कळवता येते, आणि अभियंत्याच्या देखरेखीखाली भिंतीमागचा भराव जून उजाडायच्या आत उतरवता येतो.